अल्पशा आजाराने वरले

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे वेलांटी म्हणायचे. अठरा वर्षं टेबलावर वाकून ती प्रुफं वाचत होती, त्यामुळे बाजूनं पाहिलं की पाठीचा तसाच आकार दिसायचा. पहिली वेलांटी की दुसरी, यावर कचेरीत दोन तट होते. तिला स्वतःला दोन्ही मान्य होत्या, फक्त आपापल्या जागी हव्या होत्या.

तिच्याकडे निधनवार्तांचं पान होतं. रोज वीस-बावीस माणसं जायची आणि जाताना तिच्या पेन्सिलीखालून जायची. हे पान ती उलटं वाचायची. शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. सरळ वाचलं की मजकूर डोळ्यांना हाताला धरून पुढं ओढतो आणि चुका मागं राहतात. उलटं वाचलं की प्रत्येक शब्द एकटा पडतो, ओळखपरेडला उभा केल्यासारखा. शिवाय कोण गेलं आणि मागं कोण उरलं, याचा पत्ता लागत नाही. रडू येत नाही. या पद्धतीमुळे अठरा वर्षांत तिच्या पानावर एकही चूक झाली नव्हती.

दुरुस्ती : वर ‘एकही चूक झाली नव्हती’ असे छापले आहे. ‘एकही चूक कोणी दाखवली नव्हती’ असे वाचावे.

मग एका मंगळवारच्या अंकात, चौथ्या स्तंभात, वरून तिसरी वार्ता. नाव, वय सेहेचाळीस, आणि पुढं : ‘आमचे धाकटे बंधू, वजनकाटे दुरुस्त करणारे कुशल कारागीर, काल सकाळी अल्पशा आजाराने वरले.’

हवं होतं वारले. एक काना गळला होता. काडीएवढी उभी रेघ. पण उरलेला शब्द दुर्दैवानं अगदी शुद्ध निघाला. वरणं म्हणजे जोडीदार म्हणून पसंत करणं. उलटं वाचताना ‘वरले’ सगळ्यांच्या आधी आला, एकटाच, भांग पाडलेला, शर्टाची बटणं लावलेला. तिनं त्याला जाऊ दिलं. ‘आजाराने’ त्याच्यामागून आला, पण तोवर उशीर झाला होता.

पहिला अंक

अंक निघाला त्या दिवशी अकराला ती कामावर आली तर तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर कोणीतरी बसलं होतं. सरळ पाहिलं तर कोणी नाही. मान वळवली की आहे. छापून आल्यावर चूक जशी दिसते तसा तो दिसायचा : शोधायला जावं तर नाही, सहज नजर गेली की ढळढळीत.

“तुम्हीच का त्या प्रुफं बघणाऱ्या?” त्यानं विचारलं.

“आपण?”

“चौथा स्तंभ, वरून तिसरा.”

वेलांटीनं त्या दिवशीचा अंक उघडला, बोट ठेवलं, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा ती वार्ता डावीकडून उजवीकडे वाचली.

“अगंबाई,” ती म्हणाली. “काना!”

“तेच सांगायला आलो. सकाळी वर गेलो, रांगेत उभा राहिलो. खिडकीत एक कारकून. म्हणाला, कात्रण? ते त्याच्यापुढे होतंच. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, म्हणाला, तुम्ही वारलेले नाही, वरलेले आहात. ही तुमची खिडकी नव्हे.”

“मग?”

“मग काय, तशी खिडकीच नाहीये तिथं. म्हणाला, एक तर कोणी वरले ते विचारून या, नाहीतर छापील दुरुस्ती आणा.”

“कोणी वरले असं विचारलं त्यांनी? कर्ता विचारला?”

“हो.”

“बरोबर आहे त्यांचं,” वेलांटी म्हणाली. “कर्त्याशिवाय ते वाक्य लंगडं आहे.” त्या कारकुनाबद्दल तिला आदर वाटला. इतकं बारकाईनं वाचणारं कोणीतरी कुठंतरी आहे, हे कळून बरंही वाटलं.

वर्तमानपत्राचा नियम असा होता की दुरुस्ती चुकीनंतरच्या सात अंकांत छापायची. त्यानंतर चूक हीच बातमी. वरच्या खिडकीलाही हाच नियम लागू होता. सात अंकांत कात्रण आलं नाही तर फाईल बंद, आणि माणूस खालीच.

“खालीच म्हणजे कायमचा?”

“कायमचा,” काटेवाला म्हणाला. त्याला बाजारात सगळे याच नावानं ओळखत होते. “पण एवढं काय? उद्या छापून टाका दुरुस्ती, की मी सुटलो.”

त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच त्याची थोरली बहीण आली. तिला सगळे आक्का म्हणायचे. शाळेत गणित शिकवायची. ताठ मान, ताठ नजर. तिच्या हातात दुरुस्तीचा अर्ज होता, पाढ्यासारख्या सरळ अक्षरात.

“बाई,” आक्का म्हणाली, “कालच माणूस स्मशानात पोचवला, आणि आज शेजारीण दारात गुच्छ घेऊन उभी. अभिनंदन म्हणाली. वर डोळा मारून विचारते, अल्पशा आजाराने म्हणजे प्रेमाच्याच ना?”

“माझी चूक आहे,” वेलांटी म्हणाली. “पूर्णपणे माझी.”

“ते दिसतंय. सुधारा.”

काटेवाला तिथंच, टेबलाच्या कोपऱ्यावर बसलेला. तो म्हणाला, “आक्के.” आक्कानं ऐकलं नाही. ती सरळ बघणारी बाई. सरळ बघणाऱ्याला तो दिसायचा नाही. ती गेल्यावर तो बराच वेळ पिनांच्या डबीत बोट फिरवत राहिला आणि एकही पीन हलली नाही.

दुसरा अंक

दुरुस्ती छापली गेली नाही. त्या दिवशी पानावर खरोखरच जागा नव्हती. सत्तावीस माणसं गेली होती.

काटेवाला दिवसभर कोपऱ्यावर बसून होता. त्याला काम नव्हतं आणि सवय कामाची. तो तिच्या मागून प्रुफात डोकवायचा.

“हे काय, उलटं वाचता?”

“अशी पद्धत आहे.”

“आमच्याकडे काटा तपासताना आधी पारडं रिकामं ठेवून बघतात. रिकाम्याला शून्य दाखवलं तरच भरल्याला खरं दाखवेल.”

“मग तसंच आहे हे. मी शब्द रिकामे करून बघते.”

“अहो, पण नंतर भरता कधी?”

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. डबा खाताना तिनं त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या कडेला तो हसत होता. त्याचा पुढचा एक दात अर्धवट तुटलेला होता. स्प्रिंग उडून लागली होती म्हणे, उमेदवारीच्या दिवसांत. वेलांटीला तो दात फार शुद्ध वाटला.

दुरुस्ती : वर ‘डबा खाताना’ असे छापले आहे. डबा तसाच परत गेला. कृपया ‘डबा उघडून बसली असताना’ असे वाचावे.

तिसरा आणि चौथा अंक

आक्का रोज येत होती. वेलांटी रोज सांगत होती, “आज जागा नाही.”

दुरुस्ती : वर ‘जागा नाही’ असे छापले आहे. ‘इच्छा नाही’ असे वाचावे.

चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत काटेवाला तिला आपल्या दुकानात घेऊन गेला. किल्ली कुठं ठेवलेली असते ते त्यानं सांगितलं, दार तिनं उघडलं. आत भिंतीभर काटे टांगलेले : सोन्याचे, भाजीचे, टपालाचे, एक तान्ह्या मुलांना झोपवून तोलण्याचा. तेलाचा आणि लोखंडाचा वास. मधोमध माणूस उभा राहील एवढा मोठा काटा, गोल तबकडीचा.

तो त्यावर चढला. सुई ढिम्म.

“बघा,” तो म्हणाला. “माझ्या हातचा काटा आहे. खोटं बोलणार नाही.”

तिला वाईट वाटेल म्हणून तो हसत होता. तिला वाईट वाटलंच. ती म्हणाली, “सरका जरा,” आणि एकटीच चढून उभी राहिली. अठ्ठावन्न किलो. मग म्हणाली, “या आता.” तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. सुई थरथरली आणि मागं आली. सत्तावन्न किलो सहाशे ग्रॅम.

तिनं वाकून तबकडीची काच पुसली.

“काट्यात दोष असेल,” ती म्हणाली.

“माझ्या काट्यात?” त्याला राग आला. मेल्यापासून पहिल्यांदाच राग आला होता. त्यानं तिच्याकडून पाठीमागचं झाकण उघडवून घेतलं, हा स्क्रू, तो खटका, जरा डावीकडे, अंहं, त्याच्या खालचा, असं करत पंधरा मिनिटं सगळं यंत्र तपासलं. दोष नव्हता. पुन्हा दोघं चढले. पुन्हा चारशे ग्रॅम कमी.

“मी तुमच्या बाजूनं उचलतोय बहुतेक,” तो खाली बघत म्हणाला. “मुद्दाम नाही हो. आपोआप होतंय.”

त्या दिवशी कामावर परतताना तिच्या चपला रस्त्यावर नीट टेकत नव्हत्या.

संध्याकाळी आईनं विचारलं, “कोण आहे?” आई वीस वर्षं तिच्यासाठी स्थळं बघून दमलेली, त्यामुळे तिला असल्या गोष्टींचा वास लांबून यायचा.

“काटे दुरुस्त करतात. करायचे.”

“सोडलं? आता काय करतो?”

“वारलेत.”

आईनं हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं. विचार केला. “म्हणजे दारू पिणार नाही.”

“आई!”

“घोरणार नाही. सासू-सासरे?”

“ते आधीच गेलेत. एक बहीण आहे.”

“नणंद एकच? मग वाईट काय आहे त्यात?” आई पुन्हा विणायला लागली. “मेलेला असला तरी चालेल, सज्जन असला म्हणजे झालं. तुझ्या मावशीचा जिवंत होता, काय उजेड पाडला?”

पाचवा अंक

“एकदा सरळ वाचून बघा की,” काटेवाला म्हणाला.

“नको.”

“एकच. ही बघा, पहिलीच.”

तिनं वाचलं. एक आजी, वय एक्क्याण्णव, मागं तीन मुलगे, दोन मुली, नातवंडं. ठीक होतं. दुसरी वाचली. एक घड्याळजी. तिसरी वाचली. चौथी एका सात वर्षांच्या मुलीची होती, आणि तिच्या वडिलांनी ‘आमची’ हा शब्द दोनदा लिहिला होता. आमची आमची लाडकी. नियमाप्रमाणे एक काढायला हवा होता. वेलांटीची पेन्सिल त्या शब्दावर टेकली आणि तिथंच राहिली. मग तिनं पेन्सिल ठेवून दिली आणि हुंदके देऊन रडायला लागली. अठरा वर्षांचे रोजचे वीस-बावीस, ते सगळे एकदम आत शिरले.

शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, “वेलांटी, कांदा आणलास की काय डब्यात?”

काटेवाल्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला वजन नव्हतं. पण पाठ जराशी सरळ झाली. दोन्ही ‘आमची’ तिनं तसेच छापायला सोडले.

मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, “सातवा अंक जाऊ दे तसाच. फाईल बंद होऊ दे. राहा तुम्ही.”

“तुमची नोकरी?”

“माझी चूक आहे ती. माझी चूक मी ठेवून घेतली तर कोणाचं काय बिघडलं?”

त्याला ते पटलं. खरं म्हणजे त्याला ते पहिल्या दिवसापासूनच पटलेलं होतं, पण कारागीर माणूस, गिऱ्हाइकाला स्वतःहून काही सुचवायचं नाही असा त्याचा शिरस्ता होता.

सहावा अंक

रविवार. सुखाचा दिवस गेला. लिहिण्यासारखं काही नाही.

सातवा अंक

सोमवारी आक्का आली ती अर्जाशिवाय. हातात पिशवी. पिशवीतून तिनं भिंतीवरची तीन घड्याळं काढली आणि टेबलावर ओळीनं मांडली. तिन्ही चालू होती, तिन्हींत वेगळी वेळ.

“आहेर,” आक्का म्हणाली. “भाऊ गेला आणि घरात तीन घड्याळं आली. घरी सहा पेल्यांचे दोन संच आहेत, ते आणले नाहीत. जड आहेत.”

वेलांटीनं मान खाली घातली. काटेवाला कोपऱ्यावर होताच.

“मी भांडायला नाही आले. भांडून झालंय माझं. एक विचारायचंय. तुम्ही शिकलेल्या आहात, छापील गोष्टींतलं तुम्हाला कळतं.” आक्का खुर्चीवर बसली. “मला रडू येत नाहीये. आज आठवडा झाला. बसते मी रडायला, रीतसर बसते, त्याचा सदरा घेऊन बसते. की दार वाजतं. नाही वाजलं तरी वाटतं वाजेल. बाई, मी गणिताची. सव्वीस वर्षं पोरांना सांगत आले, उत्तर पुस्तकाच्या मागं छापलंय त्याच्याशी पडताळून बघा. माझं उत्तर आलंय गेला. मागं छापलंय दुसरंच. मग वाटतं, आपलंच कुठंतरी चुकलं असेल. हातचा घ्यायचा राहिला असेल. परवा मी त्याच्यासाठी ताट वाढलं.”

हे सगळं ती वेलांटीकडे सरळ बघत बोलत होती. तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर तिचा भाऊ बसला होता. त्यानं हात पुढं केला, तिच्या खांद्यापाशी नेला आणि मागं घेतला. कारण खांद्यावर काही ठेवलं गेलं नसतं.

“लहानपणी माझ्या वेणीला दोरी बांधून वजनं अडकवायचा,” आक्का म्हणाली. “बावळट.”

वेलांटीनं डोळ्यांच्या कडेनं त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो बहिणीकडे बघत होता, आणि आता राहावं की जावं हे त्याच्या चेहऱ्यावर इतक्या ठळक अक्षरात होतं की ते उलटं वाचायचीही सोय नव्हती.

“आक्का,” वेलांटी म्हणाली, “पहिला दिवस सोडला तर जागा रोज होती. मी छापली नाही.”

“का?”

“सांगते. उद्याच्या अंकात सांगते.”

आक्का उठली. घड्याळं तिनं नेली नाहीत.

मग वेलांटी दुरुस्ती लिहायला बसली. नमुना ठरलेला होता : अमुक ऐवजी तमुक असे वाचावे. एका ओळीचं काम. पण तिला ती ओळ जमेना. ‘वरले’ खोडलं तर तो जाणार, आणि जाताना तिच्या नावावर काहीच नसणार; नुसती एक सुधारलेली चूक. ‘वरले’ ठेवलं तर आक्का जन्मभर रिकामं ताट वाढणार.

“एक काना आहे फक्त,” काटेवाला हळूच म्हणाला. “घाला. जातो मी.”

“गप्प बसा हो जरा,” ती म्हणाली. “मी वाचतेय.”

चार खाडाखोडी झाल्या. मग मजकूर झाला :

‘मागील मंगळवारच्या अंकात याच पानावर दोन चुका झाल्या. पहिली, काना गळाला. दुसरी, वाक्य गळाले. कृपया पुढीलप्रमाणे वाचावे : आमचे धाकटे बंधू काल सकाळी अल्पशा आजाराने वारले. त्यांना या पानाच्या मुद्रितशोधिकेने वरले.’

काटेवाल्यानं ते तिच्या मागून वाचलं. सरळ, डावीकडून उजवीकडे. बराच वेळ लागला त्याला.

“आता कर्ता आहे,” तो म्हणाला.

“आहे ना?”

“आणि हे ‘वाचावे’ म्हणजे डोळ्यांनी की जिवानं?”

“ते तुमच्या कारकुनाला ठरवू दे,” ती म्हणाली, आणि कागद उचलून साहेबांकडे गेली.

साहेबांनी, म्हणजे वृत्तसंपादकांनी, तो कागद हातात घेतला. भुवया वर गेल्या, खाली आल्या. “हे काय आहे?”

“दुरुस्ती.”

“हे दुसरं वाक्य? लोक काय म्हणतील? तुमचं हसं होईल, वर्तमानपत्राचं होईल ते वेगळंच. ध चा मा झालेला परवडला, पण हे!”

“साहेब, यात शुद्धलेखनाची चूक आहे का?”

त्यांनी पुन्हा वाचलं. “नाही.”

“व्याकरणाची?”

“नाही.”

“खोटं आहे?”

साहेबांनी चष्मा काढला. मग नकळत त्यांची नजर टेबलाच्या कोपऱ्याकडे घसरली, आणि ते दचकून उभे राहिले, आणि का उभे राहिलो हे न कळून पुन्हा बसले. “नमस्कार,” ते कोपऱ्याकडे न बघता पुटपुटले. कागदावर सही केली.

पान संध्याकाळी सहाला छपाईला सुटलं. पहिली प्रत आली तेव्हा शाई ओली होती. वेलांटीनं कात्री घेतली, चौकट नीट कापली, कडा सरळ केल्या, आणि कात्रण त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते घेतलं. आठवड्यात पहिल्यांदाच कुठली तरी वस्तू त्याच्या हातात राहिली.

“येतो,” तो म्हणाला.

तिनं खिडकीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. कुठंच कोणी नव्हतं.

मंगळवार

अकराला आक्का आली. हातात अंक. डोळे कोरडे, पण कडा लाल. ती टेबलासमोर उभी राहिली आणि शाळेत हजेरी घेताना वापरत असेल त्या आवाजात म्हणाली, “हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“इथं होता तो?”

“इथं. या कोपऱ्यावर. तुम्ही येत होता तेव्हाही.”

आक्कानं कोपऱ्याकडे पाहिलं. मग तिथं तळहात ठेवला. लाकूड होतं. ती हळूहळू खाली बसली, खुर्चीवर नाही, जमिनीवरच, कपाटाला टेकून, आणि तिच्या पोटातून एक आवाज निघाला. मग दुसरा. मग ती रडायला लागली. मोकळं, मोठ्यानं, तोंड वासून, लहान मूल रडतं तसं. टंकलेखन थांबलं. फोन वाजत होता तो कोणी उचलला नाही. वेलांटी तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसली आणि तिनं आक्काचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. त्या डोक्याला चांगलंच वजन होतं.

काचेचं दार ढकलून साहेब बाहेर आले. “काय चाललंय? हे ऑफिस आहे! कोण आहेत या?”

“साहेब,” वेलांटी म्हणाली, “माझ्या नणंदेला रडू द्या.”

साहेब थबकले. मागं गेले, पाण्याचा पेला घेऊन आले. तो कुठं ठेवावा हे न कळून हातातच धरून उभे राहिले. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, जसं अशा वेळी विचारतात तसं, “घरातलं कोण गेलं?”

“आमचे हे,” ती म्हणाली. “वारले.”